संध्याकाळी हाक मारणारा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भाविकहो, मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या मंदिरात सप्ताहाची गडबड सुरू होते. पारायणाला कोण बसणार, महाप्रसादाचं कोण बघणार, मांडव कधी घालायचा, या धावपळीतच या वार्षिक अंकाचंही काम चालतं. यंदा विश्वस्तांनी मला सांगितलं, "विद्यार्थ्यांना आवडणारा शिक्षक कसा असतो, यावर लिहा. पण गुरुचरित्राला धरून लिहा." मी म्हटलं, अहो, मी शिक्षक नव्हे आणि प्रवचनकार तर मुळीच नव्हे. बी. कॉम. झालो आणि ३९ वर्षं बँकेत कारकुनी केली. त्यावर ते म्हणाले, "विद्यार्थी तर होता ना कधीतरी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसूनच लिहितो.

गुरुचरित्राचा सोळावा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी अनेकदा वाचला असेल. श्रीनृसिंहसरस्वती वैजनाथक्षेत्री गुप्तपणे राहत होते, त्या काळातली ही कथा. तिथे एक ब्राह्मण येतो आणि महाराजांपुढे गाऱ्हाणं मांडतो. कशाबद्दल? आपल्या गुरूबद्दल! गुरू कठोर बोलतात, कामाला जुंपतात, शिकवत मात्र काही नाहीत, म्हणून त्यांना सोडून आलो, असं तो म्हणतो. म्हणजे शिक्षक आवडला नाही म्हणून निघून आलेला हा विद्यार्थी. शेकडो वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तो अगदी आजच्यासारखा बोलतो. आपली नातवंडं क्लास बदलायचा हट्ट धरतात तेव्हा याहून वेगळं काय सांगतात?

महाराज त्याला खडसावतात आणि मग धौम्य ऋषींच्या तीन शिष्यांची गोष्ट सांगतात. अरुणी, बैद आणि उपमन्यू. अरुणीला शेतात पाणी वळवायला पाठवलं. पाण्याचा जोर इतका की बांध काही टिकेना, तेव्हा तो स्वतःच त्या प्रवाहात आडवा पडला. बैदाला शेत राखून धान्य घरी आणायला सांगितलं. गाड्याला रेडा एकच, म्हणून दुसऱ्या बाजूला त्याने स्वतःची मान जोडली आणि चिखलात रुतून बसला. उपमन्यू गुरं राखायला जायचा. भूक भागवायचे एकेक मार्ग गुरूंनी बंद केले, तेव्हा त्याने रुईचा चीक पोटात घातला. तो चीक डोळ्यांत जाऊन त्याची दृष्टी गेली आणि तो विहिरीत पडला.

हा अध्याय शिष्यांसाठी आहे, हे मला मान्य आहे. गुरूची आज्ञा कशी पाळावी, हे त्यातून शिकायचं असतं. मीही बरीच वर्षं तो तसाच वाचला. पण गेल्या वर्षीच्या पारायणात दुसऱ्या दिवशी वाचता वाचता मी एका ठिकाणी अडलो. मनात आलं, या तिन्ही गोष्टी शेवटी कुठे येऊन थांबतात? अरुणी परत आला नाही, तेव्हा धौम्य ऋषी स्वतः शेताकडे गेले आणि त्यांनी हाका मारल्या. बैद चिखलात रुतला होता, तिथे गुरू जाऊन पोचले. उपमन्यूची वाट पाहून गुरू रानात शोधायला निघाले आणि विहिरीतून त्याची ओ आली. तिन्ही वेळा काम अवघड होतं, आणि तिन्ही वेळा गुरू शिष्याच्या मागावर गेले. घरात बसून "आला नाही? राहू दे, उद्या बघू" असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

धौम्य ऋषी काही मऊ नव्हते. आजच्या हिशेबाने त्यांच्याविरुद्ध पालकांनी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला असता! तरीही ते शिष्य त्यांना सोडून गेले नाहीत. शिस्तीच्या धाकाने माणूस पाण्यात आडवा पडत नाही. आपण परतलो नाही तर कोणीतरी विचारेल, एवढी खात्री अरुणीला असणार. मुलांना शिक्षक आवडतो तो या खात्रीमुळे, असं मला वाटू लागलं आहे. विषय पक्का हवा, आवाज स्पष्ट हवा, वशिला नको, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा नको, हे सगळं हवंच. ते सर्वांना ठाऊक असतं, त्यावर मी पाल्हाळ लावत नाही. फुकट मार्क देणारे मास्तरही मुलांना आवडतात, पण ती आवड निकालापर्यंत टिकते. दहा-वीस वर्षांनी ज्यांचं नाव काढताच आवाज हळू होतो, ते मास्तर वेगळे.

माझे असे मास्तर मला शाळेत भेटले नाहीत, बँकेत भेटले. १९७९ साली मी तालुक्याच्या एका शाखेत लागलो. तिथल्या हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणायचे, तेवढंच लिहितो. संगणक नव्हते. सगळा हिशेब हाताने. जाडजूड लेजर, रोजचं डे-बुक, व्हाउचरांचे गठ्ठे. ठरावीक काळाने सेव्हिंग्जच्या एकेका लेजरातल्या सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमा यादीत उतरवायच्या, बेरीज करायची, आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. एक पैसा इकडेतिकडे चालत नाही. जुळलं नाही तर शोधत बसायचं.

लागून सहा महिनेही झाले नसतील, माझ्या लेजरात ६३ रुपयांचा फरक निघाला. पहिल्या दिवशी मी बेरीज तपासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरून शेरे सुरू झाले, "बी. कॉम.वाले आहेत, सापडेल हो!" चौथ्या दिवशी मला जेवण जाईना. राजीनाम्याचा कागदही मी मनातल्या मनात लिहून ठेवला होता. आज हसू येतं, पण एकवीस वर्षांच्या मुलाला ते ६३ रुपये डोंगराएवढे वाटत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहानंतर सगळे गेले. अण्णांनी घरी जायची पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले. म्हणाले, "बाळ, फरक किती?"

"त्रेसष्ट."

"नवाने भाग जातो का?"

मी म्हटलं, "जातो. नऊ साते त्रेसष्ट."

"मग बेरजा तपासू नकोस. कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असणार. आकडे उलटसुलट लिहिले की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. त्यातही सात पट आली, म्हणजे ज्या दोन अंकांत सातचं अंतर आहे तेच बघ. एक आणि आठ, दोन आणि नऊ. चल, शोध."

बी. कॉम.ला आम्हाला अकौंटन्सीचे पेपर होते, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासात सापडलं. एका खात्यात ६१८ रुपयांचा भरणा होता आणि मी लेजरला ६८१ चढवले होते. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटलं होतं. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलोच. अण्णा म्हणाले, "ओरडू नकोस. लाल शाईने दुरुस्त कर, सही घे, आणि आता सगळी यादी पुन्हा बेरीज कर." मी म्हटलं, "अण्णा, सापडलं ना आता!" ते म्हणाले, "पुन्हा कर." रात्रीचे साडेआठ झाले. माझी शेवटची एस.टी. गेली. मग ते मला स्वतःच्या घरी जेवायला घेऊन गेले. पिठलं-भाकरी होती. वहिनींनी काही विचारलं नाही, दोन ताटं वाढली. असे उशिरा आलेले कारकून त्यांच्या ओळखीचे असावेत.

पुढची गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. दुरुस्तीवर सही घ्यायला मी ते पान उघडलं, तर त्या खात्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. तो माझा नव्हता. चूक कुठे आहे ते अण्णांनी आधीच शोधून ठेवलं होतं! माझ्या हाती उत्तर देता आलं असतं, चारचौघांत सांगताही आलं असतं. त्यांनी ठिपका केला आणि मला रस्ता दाखवला. मॅनेजरसाहेबांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "याने काढला फरक." चूक कोणी केली, हा विषयच आला नाही.

ठिपक्याबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढे सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. बोलणं कडक, रजा मागायला गेलं तर तीन प्रश्न. पण शाखेतला कोणताही नवा मुलगा अडला की त्याच्याकडे जायचा, कारण तिथे गेल्यावर आपण लहान होऊन परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

गुरुचरित्राच्या आठव्या अध्यायातली कुरवपूरची ती माय-लेकरं आठवतात का? मुलगा मंदबुद्धी, वडील गेलेले, लोक त्याला हिणवायचे. इतकं हिणवलं की दोघं कृष्णेत जीव द्यायला निघाली. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना अडवलं, विचारपूस केली, त्या माउलीला शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. तो विद्वान झाला. सतराव्या अध्यायात करवीरचा मुलगा येतो, तोही तसाच. लोकांच्या बोलण्याने त्रासून भिलवडीला भुवनेश्वरीपुढे जाऊन त्याने जीभ कापून वाहिली. देवीने त्याला कृष्णेपलीकडे औदुंबराखाली महाराजांकडे पाठवलं. दोन्ही कथांत चमत्कार आहे आणि आपण भाविक तो मनापासून मानतो. पण चमत्काराच्या आधी काय घडलं होतं, तेही बघायला हवं. दोन्ही मुलांना न येण्याचं दुःख कमी होतं, न येण्यावरून लोक जे बोलले त्याचं जास्त होतं. गुरूंनी पहिल्यांदा त्यांना काठावर थांबवलं. विद्या नंतर दिली.

आपल्या दत्तसंप्रदायात शिक्षकीची नोकरी केलेले सत्पुरुषही झाले. टेंबेस्वामींचे शिष्य गुळवणी महाराज शाळेत चित्रकला शिकवत असत. आणि स्वतः अवधूतांचं काय? भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला ते आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, कबुतर, अजगर, मधमाशी, हातात एकच बांगडी ठेवून कांडण करणारी मुलगी, बाण घडवणारा कारागीर. ज्याने कबुतराकडूनही काही घेतलं, त्याला मागच्या बाकावरचा पोरगा निरुपयोगी कसा वाटेल? मला तर वाटतं, मुलं हे बरोबर ओळखतात. समोरचा माणूस आपल्याकडे "याच्यात काय आहे बघू" असं बघतो आहे, की "याच्यात काही नाही" असं ठरवून आला आहे, हे पाचवीतल्या मुलालाही पहिल्या तासात कळतं.

इथपर्यंत मी दुसऱ्यांचं सांगितलं. आता जे लिहायचं आहे, ते लिहावं की नाही यावर दोन दिवस घरात विचार केला. सौ. म्हणाली, "लिहा. खोटं थोडंच आहे?"

माझा मुलगा सहावीत होता. अपूर्णांक त्याला येत नव्हते. छेद समान करायचे म्हटलं की गोंधळायचा. अण्णांच्या हाताखाली सहा वर्षं शिकलेला मी, लेजरचं अख्खं पान तोंडी बेरीज करणारा मी, त्याला रोज संध्याकाळी शिकवायला बसायचो. शिकवायचो कसलं, ओरडायचो. एकदा घरी पाहुणे होते. त्यांच्यासमोर मी त्याची वही भिरकावली आणि म्हटलं, "बँकेतल्या शिपायालाही हे येतं." यात मी त्या शिपायाचाही अपमान केला, हेही आज कळतं. त्यानंतर तो संध्याकाळी वही घेऊन येईना. विचारलं तर म्हणायचा, "आज गृहपाठ नाही." मला बरंच वाटलं, वेळ वाचला! तो खरं बोलतो का, हे एकदाही उठून त्याच्या खोलीत जाऊन पाहिलं नाही.

तो वाया गेला नाही, दत्तकृपेने चांगला आहे. दुसऱ्या शहरात नोकरी करतो. दर रविवारी फोन येतो, तो आईशी बोलतो. मग आई फोन माझ्याकडे देते. "बाबा, तब्येत बरी ना?" "बरी आहे." एवढंच. तीस वर्षं एवढंच.

गेल्या वर्षी सोळावा अध्याय वाचताना मी अडलो ते याच कारणाने. धौम्य ऋषी रानात हाका मारत फिरत आहेत आणि मी माझ्या मुलाच्या बंद दाराकडे पाठ करून पेपर वाचतो आहे, असं डोळ्यासमोर आलं. पुढची ओवी वाचता येईना. शेजारी बसलेल्यांना वाटलं, घसा बसला.

पारायणाची सांगता झाल्यावर मी फोन केला. सौ.ने नाही, मी केला. त्याला वाटलं काही वाईट झालं. मी म्हटलं, "तसं काही नाही. सहावीत तुला शिकवायचो ते चुकलं माझं. त्या पाहुण्यांसमोर बोललो तेही." बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही ती ६३ रुपयांची गोष्ट येईल त्याला सांगायचात ना? मी आतल्या खोलीतून ऐकायचो. मला वाटायचं, मला ते अण्णा हवे होते शिकवायला."

यावर मी काय बोलणार? मी म्हटलं, "मलाही तेच व्हायला हवं होतं." मग तो जरा हसला आणि म्हणाला, "अपूर्णांक अजूनही नीट येत नाहीत मला." आता रविवारी फोन आधी माझ्याकडे येतो असं काही नाही. पण तीन-चार मिनिटं बोलतो. गेल्या महिन्यात गृहकर्जाचं व्याज कसं लावतात ते विचारलं. मी सावकाश सांगितलं.

आपल्या मंदिराच्या सभामंडपात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो, हे आपल्याला माहीत आहेच. मी तिथे गणित घेतो. दसऱ्याच्या सुमारास चौथीतला एक मुलगा तीन दिवस आला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, आजारी असेल. दुसऱ्या दिवशी मी इतर मुलांना विचारलं. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्याला सगळ्यांसमोर सतराचा पाढा म्हणायला लावला ना, तेव्हापासून येत नाही." मी रागावलो नव्हतो. नुसतं उभं केलं होतं. पण उभं केलं होतं, सगळ्यांसमोर.

तिसऱ्या दिवशी आरती झाल्यावर घरी न जाता पत्ता विचारत गेलो. नदीकडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर घर. जिना चढताना गुडघे बोलत होते. त्याची आई दारात आली आणि घाबरलीच. "आजोबा, काय केलं याने?" मी म्हटलं, "त्याने काही केलं नाही, ताई. मीच बघायला आलो, का येत नाही ते." तो आतल्या दाराआड उभा होता, अर्धा दिसत होता. मी त्याला बोलावलं नाही. तिथेच दारातल्या पायरीवर बसलो. आईने पाणी दिलं.

थोड्या वेळाने दाराआडून आवाज आला, "सतरा चोक अडुसष्टपर्यंत येतं मला."

मी म्हटलं, "मग पाचापासून धरू. उद्या येतोस की इथेच बसू?"

तो बाहेर आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥